नाखवा बाई आणि पडद्यावरचा हिराजी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी सुमन नाखवा हे नाव घेईन. आईवडिलांच्याही आधी. आईला हे ठाऊक आहे आणि तिची हरकत नाही. "शिकलास ते आमच्यामुळं," ती म्हणते, "पण वाचायला तुला त्या बाईंनी शिकवलं." आईला स्वतःला वाचता येत नाही, तरी या दोन गोष्टींतला फरक तिला बरोबर कळला आहे.

मी सेलूचा. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. विहाराच्या वाचनालयात बसून मी अभ्यास केला आणि घरातला पहिला पदवीधर झालो. इतिहासात एम. ए. केलं, मोडी लिपीचा वर्ग केला आणि नोकरी शोधायला नवी मुंबईत, दिघ्याला मामाच्या खोलीत येऊन राहिलो. मामाला मोडीचं काही सांगून उपयोग नव्हता. "मोडकं वाचून कोण पगार देणार?" असं तो विचारायचा. पगार देणारी एक जागा नेरुळात निघाली. एका जुन्या ट्रस्टचं दप्तर एका बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. खाडीकाठचे किल्ले, मिठागरं, बंदरं यांचे जुने कागद तिथे कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते. आमच्याकडे रुमाल म्हणजे कागदांचं गाठोडं. त्या दप्तराच्या प्रमुख नाखवा बाई. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन इथे आलेल्या. करावे गावच्या. त्यांचे वडील खाडीत जाळं टाकायचे आणि बाई त्या घरातल्या पहिल्या पदवीधर. हे त्यांनी मला फार उशिरा सांगितलं.

मुलाखतीला त्यांनी एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"काय दिसतं?"

मी उत्साहाने सुरू केलं. हे पत्र अमुक काळातलं असावं, लिहिणारा घाईत असावा, प्रसंग आणीबाणीचा असावा.

"काय वाटतं ते नाही विचारलं. दिसतं काय?"

मी कागद जवळ ओढला. मग हळूहळू सांगितलं. चार घड्या दिसतात. उजव्या कोपऱ्यात तेलाचा डाग आहे. कसरीने खाल्लेली दोन भोकं आहेत. शेवटच्या ओळीत शाई फिकी झाली आहे.

"नाव काय म्हणालास?"

"अशोक."

"अशोक खूप झाले माझ्या आयुष्यात. तू सेलूकर. जेवलास का?"

बाई जेवायला दप्तरात बसत नसत. कागदांजवळ अन्न नको, हा त्यांचा नियम. डब्यात बहुतेक वेळा सुकट किंवा बोंबलाची चटणी असायची. बँकेच्या मागे एक कट्टा होता, तिथे आम्ही जेवायचो आणि कॉम्प्लेक्समधली सगळी मांजरं अर्धगोल करून बसायची. जेवल्यावर बाई दोनदा हात धुवायच्या, मग हात नाकाशी नेऊन वास घ्यायच्या आणि तिसऱ्यांदा धुवायच्या. हवेतली ओल ओढून घेणारं एक यंत्र दप्तरात अखंड चालू असे. त्याखालच्या बादलीत दिवसभरात पाणी साठायचं. संध्याकाळी ती बादली बाई स्वतः ओतायच्या. "आज अर्धी बादली खाडी वर चढली बघ," म्हणायच्या. मला कधी हात लावू दिला नाही.

त्यांच्या बोलण्यात गाव फार डोकवायचं नाही. कार्यालयात त्या शुद्ध, ताठ बोलायच्या. पण करावेहून भावाचा फोन आला की आवाजच बदलायचा. "हाय रे, हाय. येते. बोंबील नको आनू, वास येतो हिकडं." फोन ठेवला की पुन्हा तशाच ताठ. मी गालात हसलो की म्हणायच्या, "तूही आईशी बोलतोस तेव्हा ऐकलंय मी. 'काहून' आणि 'कामून'. आपण दोघंही दुभाषे."

ऐतिहासिक सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात वाशीला सकाळचा खेळ बघायला जायचं, हा दप्तराचा रिवाज होता. कर्मचारी आम्ही दोघंच, त्यामुळे दप्तराला कुलूप. मला वाटलं होतं, बाई तिथे चुकांची यादी करत बसत असतील. पहिल्याच सिनेमाला मी थक्क झालो. बाई ढसाढसा रडत होत्या. पडद्यावर सरदार दिव्याच्या उजेडात मोरपीस शाईत बुडवून बायकोला शेवटचं पत्र लिहीत होता.

"बाई, तेव्हा बोरूने लिहायचे ना? मोरपिसानं कसं लिहील?" मी हळूच म्हणालो.

"मोरपिसानं कान खाजवतात," बाई नाक पुसत म्हणाल्या. "पण रडू आलं ना. रडू आलं म्हणून ते खरं होत नाही आणि खरं नाही म्हणून रडू थांबत नाही. काय करायचं?"

मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "ओ मावशी, पिक्चर बघू द्या ना."

"बघ रे बाबा. तोफ उडू दे, मग मी गप्प बसते."

बाहेर आल्यावर मी माझी यादी काढली. पगडी शंभर वर्षं पुढची होती. मागे डोंगरावर विजेचा मनोरा दिसत होता. बाईंनी ती ऐकून घेतली आणि माझ्या हातात परत दिली. "हे जमा करून हुशार दिसता येतं, एवढाच याचा उपयोग. पगडी चुकली तर पगडी काही रडत आपल्याकडे येत नाही. माणूस चुकला तर त्याची माणसं असतात मागे."

पगडीसाठी त्यांनी कधी कोणाला पत्र लिहिलं नाही. पण एखाद्या सिनेमात एखाद्या कारकुनाला लाचखाऊ किंवा एखाद्या बाईला विषारी दाखवलं आणि कागदांत तसं काही नसलं, की त्या त्या निर्मात्याला लिहायच्या. त्यांच्या पत्राचे तीन भाग असत. तुम्ही काय दाखवलंत, कागद काय सांगतात आणि कागद कुठे गप्प आहेत. उत्तर कधीच यायचं नाही. "मग लिहिता कशाला?" मी एकदा विचारलं. "नकलेची फाईल राहते ना आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "कोणीतरी नाही म्हणालं होतं, एवढं तर पुढे दिसेल."

मग एक दिवस सिनेमावाले स्वतःच आमच्याकडे आले. खाडीच्या तोंडावरचा एक छोटा किल्ला वेढ्यात पडला होता, त्याच्यावर त्यांना सिनेमा करायचा होता. त्या किल्ल्याचे रुमाल आमच्याकडे होते. दिग्दर्शक तरुण होता, अदबीने बोलत होता. बरोबर रिया नावाची संशोधनाचं काम बघणारी मुलगी होती. बाईंनी त्यांना तीन दिवस बसवून कागद दाखवले, चहा पाजला, तटावर किती माणसं होती, रोज काय खात होती, सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शकाने विचारलं, "मॅडम, फितूर कोण होता?"

"कोणी नाही. पाण्याचं टाकं आटलं. कागदात स्पष्ट आहे."

"पण फितुरी झाल्याशिवाय किल्ला पडत नाही. म्हणजे, आमच्यात."

"आमच्यात पाणी संपलं तरी पडतो."

सगळे हसले. दिग्दर्शकही हसला, पण त्याने सोडलं नाही. "प्रेक्षकाला राग काढायला कोणीतरी लागतं हो, मॅडम. एक नाव मिळालं तर बरं."

"लागत असेल तर तुमच्या घरातलं नाव द्या."

तो विषय तिथे संपला असं मला वाटलं.

महिनाभराने बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या आठवडाभर घरी होत्या; बाहेर पडताना काळा चष्मा त्यांना तेव्हापासून कायमचा लागला. शुक्रवारी दुपारी रिया एकटी आली. चेहरा उतरलेला.

"दादा, एक नाव द्या ना. कुठलंही नको, कागदातलंच द्या. सोमवारी सगळं लॉक होतंय. सर मला कच्चं खातील."

"बाई नाही म्हणाल्यात."

"फितूर होताच असं कुठे म्हणायचंय? होऊ शकतो, एवढंच. तुमचं नाव टायटलमध्ये येईल. मी स्वतः टाकेन, प्रॉमिस."

मला सेलूचं थिएटर आठवलं. आईला कोणीतरी शेजारी बसून माझं नाव वाचून दाखवील, हेही दिसलं. मी रुमाल सोडला. वेढ्यात होड्या हाकणाऱ्या नावाड्यांना भात वाटल्याची यादी त्यात होती. पहिल्या महिन्याच्या यादीत अकरा नावं. दुसऱ्या महिन्याच्या यादीत दहा. गळालेलं नाव होतं हिराजी नाखवा, मौजे करावे.

गाव आणि आडनाव मला दिसलं, नाही असं नाही. अर्धं करावे त्या आडनावाचं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. कपाटात त्याच किल्ल्याचा पुढचा रुमाल बांधलेला होता. पाच वाजायला आले होते आणि रिया घड्याळ बघत होती. मी तो सोडला नाही. संगणकावर दोन वाक्यं टाइप केली. "हिराजी नाखवा, मौजे करावे, याचे नाव पुढील यादीत आढळत नाही. तो फितूर झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही." आम्हा शिकलेल्या माणसांना अशी वाक्यं लिहायची सवय असते. ती लिहिताना आपण सावध आहोत, असंच वाटतं. टिपण दप्तराच्या कागदावर छापलं, शिक्का मारला. त्या कागदावर वर छापलेलं असायचं, प्रमुख : सुमन नाखवा.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. रिवाजाप्रमाणे आम्ही वाशीला गेलो. मी बाईंना तोवर काही सांगितलं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू, कदाचित तो प्रसंग कापला जाईल, असं करत वर्ष गेलं होतं. सुरुवातीच्या पाट्यांत माझं नाव आलं नाही. "ऐतिहासिक आधार : सुमन नाखवा" असं आलं. बाईंनी माझ्याकडे वळून भुवया उडवल्या. त्यांना ते सौजन्य वाटलं. मध्यंतरानंतर अंधारात एक होडी शत्रूच्या गलबताला लागली. त्यातून एक माणूस हात जोडून वर चढला आणि म्हणाला, "मी हिराजी नाखवा. करावे गावचा. दरवाजा मी उघडून देतो." थिएटरात शिट्ट्या आणि शिव्या पडल्या.

या वेळी बाई रडल्या नाहीत. पिशवी छातीशी धरून शेवटपर्यंत बसल्या. बाहेर आल्यावर रिक्षा केली आणि थेट दप्तरात आल्या. काळा चष्मा काढला, कपाट उघडलं, यादीचा रुमाल बाजूला ठेवला आणि पुढचा सोडला. मी दारात उभा होतो. तासाभराने त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"वाच."

मी वाचलं. "हिराजी नाखवा मौजे करावे हा होडीवर असता गोळा लागोन कामास आला. सबब त्याचे बायकोस सालोसाल भात पावते करणे."

कामास आला म्हणजे लढताना मेला. म्हणून दुसऱ्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

"बाई..."

"मोतीबिंदू माझ्या डोळ्यात होता, सेलूकर."

एवढंच त्या बोलल्या. मी बारा वर्षांच्या शाळेत आणि पाच वर्षांच्या कॉलेजात खाल्लेल्या सगळ्या मारापेक्षा तो शब्द जास्त लागला.

निर्मात्यांना त्यांनी पत्र लिहिलं. या खेपेला उत्तर आलं. सिनेमा काल्पनिक घटनांवर आधारित असून आरंभी तशी सूचना दिली आहे, आणि नाव आपल्याच कार्यालयाकडून मिळालेलं आहे. सोबत माझ्या टिपणाची प्रत होती.

करावे गावात मोबाइलवर तो तुकडा घरोघर गेला होता. जेट्टीवर नाखवांच्या पोरांना बाकीची पोरं "ए फितूर" म्हणून हाका मारत. बाईंचा चुलतभाऊ बाळारामदादा चार माणसं घेऊन दप्तरात आला आणि बाईंना देवळासमोर बोलावून गेला. मीही त्यांच्यामागून गेलो, सगळ्यात मागे बसलो.

बाळारामदादा उभा राहिला. "सुमनबाय, आमी अडानी मानसा. पन पिक्चरमदी तुजा नाव हाय, आनी त्याचे खाली आपला मानूस फितूर हाय. यो नाव कोनी दिला?"

"माझ्या टेबलावरून गेलं," बाई म्हणाल्या. "चूक माझी."

"कशापाई? पैसं घेतलंस?"

"नाही."

"मंग?"

बाईंनी पिशवीतून हिराजीच्या कागदाची नक्कल काढली. "हे ऐका. तो फितूर नव्हता. हे..." पण मागून एक बाई ओरडली, "आता कागद दावते! आपल्याच मानसाना इकलंस तू!" आणि मग सगळेच बोलायला लागले. कोणी ऐकेना. बाईंनी नक्कल घडी करून पुन्हा पिशवीत ठेवली.

मला उभं राहायचं होतं. गुडघ्यात जोर होता, आवाज होता, वाक्यही तयार होतं. मी उभा राहिलो नाही. नोकरी जाईल, मामा काय म्हणेल, सेलूला काय तोंड दाखवू, एवढाच विचार मी केला. परतताना रिक्षात मी म्हणालो, "बाई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुझं नाव सांगून हिराजी सुटला असता का? त्यांना दुसरा एक फितूर मिळाला असता, एवढंच. तोही दिघ्याहून आलेला, परगावचा. मग काय झालं असतं, ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे."

ट्रस्टने चौकशी काढायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. चौकशी झालीच नाही. करावेत त्यांना कोणी दारात उभं करीना, म्हणून तिथलं घर भावाच्या हवाली करून त्या हर्णैला बहिणीकडे राहायला निघाल्या. मी त्यांना उरण फाट्यावर सोडायला गेलो. सकाळची वेळ होती. आम्ही अर्धा तास उभे होतो आणि मी ते वाक्य परत जुळवत होतो.

"बाई, मला तुम्हाला..."

"बस आली," त्या म्हणाल्या.

खरंच आली होती. कंडक्टर त्यांच्या थैलीला हरकत घेत होता. "आजी, सुकी मासळी वर ठेवा, गाडीभर वास होईल." बाई म्हणत होत्या, "तुझ्या गाडीला आधीच डिझेलचा वास आहे, माझ्याने बरा होईल." थैली मांडीवरच घेऊन त्या खिडकीशी बसल्या. काळ्या चष्म्यामुळे त्या माझ्याकडे बघत होत्या की समोर, ते मला कळलं नाही. मी हात हलवला. बस पुलावर चढली.

त्याला तीन वर्षं झाली. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसतो. संध्याकाळी बादली ओततो. ऐतिहासिक सिनेमे लागतात, पण वाशीला मी पुन्हा गेलो नाही. फोन केला तर त्यांची बहीण घेते, सुमनला ऐकू कमी येतं म्हणते, बरी आहे म्हणते.

गेल्या महिन्यात पनवेलच्या कॉलेजातला एक विद्यार्थी दप्तरात आला. माझ्यासारखाच, नीट इस्त्री केलेला एकच शर्ट असावा असा. प्रबंधासाठी त्याला हिराजी नाखवाच्या फितुरीचा मूळ कागद पाहायचा होता. कुठे वाचलंस, म्हणून मी विचारलं. त्याने आधी सिनेमाचं नाव सांगितलं आणि मग वही उघडून एका लेखातून उतरवलेली तळटीप दाखवली. तळटिपेत आमच्या दप्तराचं नाव होतं आणि माझं ते वाक्य शब्दशः होतं. ते वाचून झाल्यावर मी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि पुढचा रुमाल सोडून त्याच्यापुढे ठेवला. मग रविवारी जिथे जायला हवं होतं तिथे गेलो, आणि सोमवारी बाईंना हे पत्र टाकलं.

तीर्थस्वरूप बाईंस,
सविनय नमस्कार.

काल करावे येथे जाऊन आलो. बाळारामदादांना आधी भेटलो. त्यांनी देवळासमोर माणसं जमवली. नाव मी दिलं, तुम्ही तेव्हा ऑपरेशनमुळे घरी होतात, तुम्ही आधीच नकार दिला होतात आणि पुढचा कागद मी आळसाने व हावेने वाचला नाही, हे सगळं उभं राहून सांगितलं. कोणी मारलं नाही. एका दादांनी शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. बाळारामदादा उठले. मग म्हणाले, "तीन वरसा आमी बायला घरात घेतली नाय. ता आता कसा भरून देनार तू?" ते स्वतः हर्णैला येणार आहेत. तुम्ही दार उघडाल ना, असं त्यांनी मला विचारायला सांगितलं आहे.

ट्रस्टलाही लेखी कळवलं आहे. टिपण मागे घेतलं. ते माझ्याबाबतीत काय ठरवतील, ते बुधवारी कळेल. आईला सांगितलं. ती म्हणाली, घरी ये, भाकरी आहे.

हिराजीचा कागद मी मोठ्याने वाचला. या वेळी लोकांनी तो पूर्ण ऐकला. वाचून झाल्यावर पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "भात मिलालेली ती त्याची बायको. तिचा नाव काय व्हता?" सगळे माझ्याकडे बघत होते. बाई, खरं सांगतो, तोंडावर एक नाव आलं होतं. त्या काळात शोभेल असं, गावालाही आवडलं असतं. मी म्हणालो, "आजी, कागदात तिचं नाव नाही." त्या म्हणाल्या, "मंग आमी तिला हाक कशी मारायची?"

तुम्ही काय सांगितलं असतं, ते कळवाल का?

आपला,
अशोक